शिडाच्या बोटीवरनं वन्यजीवांच्या कामात यायचं म्हणतेस, तर हे वाच

तुझा प्रश्न थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तू बेळगाव शहापूरची, बी.कॉम. झालेली, गेली काही वर्षं शिडाच्या बोटींवर प्रोफेशनल क्रू म्हणून काम करायलीस, डिलिव्हरी पण केल्यास आणि लांबच्या रेस पण, यॉटमास्टरचं, म्हणजे बोटीची कप्तानकी करायचं, सर्टिफिकेट हातात आहे, तिशी जवळ आलीय आणि आता हे सगळं सोडून वन्यजीव संवर्धनात यायचंय, ते पण आपल्या खानापूरच्या भीमगड अभयारण्यात, जमलं तर वाघांवर. एम.एस्सी. करावी लागेल काय, पगाराचं काय, आणि समुद्रावर शिकलेलं सगळं वाया जाणार काय, असं विचारलंयस.

मी जांबोटीकडचा. मी पण बरीच वर्षं दुसऱ्यांच्या बोटी एका बंदरातनं दुसऱ्या बंदरात नेऊन पोचवायचं काम केलं, आणि त्यानंतर आता बरीच वर्षं अर्धं काम कारवारच्या समुद्रात आणि अर्धं खानापूरच्या जंगलात चाललंय, त्यामुळं दोन्हीकडचं सांगू शकतो.

आधी एकच सांगतो, बाकी सगळं त्याच्यामागनं येईल. समुद्र सोडून थेट वाघाकडं जाऊ नकोस, समुद्रातनंच या कामात शिर. वाघावर काम करायला देशभरातनं पोरंपोरी रांगेत आहेत, डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेतनं शिकलेली, बंगळूरच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेतनं एम.एस्सी. केलेली, त्या रांगेत तू बी.कॉम. घेऊन सगळ्यात शेवटी उभी राहणार. समुद्राच्या कामात मात्र उलट आहे बघ, तिथं शिकलेले लोक आहेत, खरं बोट नीट चालवणारा, हवामान वाचणारा, इंजिन बंद पडलं तर घाबरून न जाणारा आणि वर कागदावर शिस्तीत नोंद ठेवणारा माणूस सापडत नाही. बहुतेक सर्व्हे भाड्यानं घेतलेल्या मच्छीमारी बोटीतनं होतात, तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, त्या पोरांना नक्की काय पाहिजे ते कळत नाही आणि पोरांना तांडेल काय सांगतोय ते कळत नाही, वर दोघीतिघी उलट्या करत पडलेल्या असतात. या दोघांच्या मधली जागा रिकामी आहे, आणि ती तू पहिल्या दिवसापासून भरू शकतेस.

आता वाया जाण्याबद्दल. तुझ्याकडं सगळ्यात मोलाचं काय आहे सांगू काय, तर दर तासाला लॉग, म्हणजे बोटीची नोंदवही, लिहायची सवय. रात्री तीनच्या वॉचला, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीला, काही घडलेलं नसतं, वारा तोच, कोर्स तोच, तरी तू वेळ, पोझिशन, वाऱ्याचा जोर, बॅरोमीटर, समुद्र कसा आहे हे लिहून ठेवतेसच, कारण न लिहिलेल्या तासात काय झालं ते नंतर कुणालाच सांगता येत नाही. वन्यजीवांच्या मोजणीचं अख्खं शास्त्र याच गोष्टीवर उभं आहे. डॉल्फिनचा सर्व्हे करताना नवीन आलेल्यांना वाटतं की डॉल्फिन दिसले की लिहायचं, मधल्या वेळी गप्पा मारायच्या. पण "चार तास बघत होतो आणि काही दिसलं नाही" आणि "बघितलंच नाही" या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीतनं आकडा निघतो, दुसरीतनं काहीच निघत नाही. याला इकडं एफर्ट म्हणतात, म्हणजे किती किलोमीटर, किती वेळ, किती डोळे, कोणत्या समुद्रात बघत होते. हे शिकवायला मला शिकलेल्या पोरांबरोबर महिने घालवावे लागतात, आणि तुझ्यात ते हाडात मुरलेलं आहे.

समुद्राची स्थिती हा पण असाच विषय. लाटांवर पांढरे फेस उठायला लागले की पाण्यातली काळी पाठ आणि लाटेची सावली यातला फरक डोळ्याला कळत नाही, म्हणून बोफर्ट, म्हणजे वाऱ्याचा जोर सांगायची पट्टी, तीनच्या वर गेली की बहुतेक सर्व्हे थांबवतात. आपल्या किनाऱ्याला फिनलेस पॉर्पॉइज आहे, त्याला पाठीवर परच नाही, तो तर पाणी अगदी तेलासारखं सपाट असेल तरच दिसतो. आता बोफर्ट दोन आणि बोफर्ट तीन यातला फरक पुस्तकातला फोटो बघून ठरवणारा माणूस आणि वर्षानुवर्षं रीफ कधी घ्यायचा, म्हणजे शीड आवळून लहान कधी करायचं, ते याच्यावरच ठरवत आलेला माणूस, यातल्या कुणाच्या नोंदीवर विश्वास ठेवायचा? प्राणी दिसला की त्याचा कोन आणि अंतर लिहावं लागतं, त्यातनं आपल्या रेषेपासनं तो किती लांब होता ते काढतात आणि त्यावरनं घनता. कोन तुला कंपासवरनं सहज येतो, अंतराचा अंदाज मात्र परत शिकावा लागेल, कारण समुद्रात आपल्याला जहाजाचं अंतर कळतं, डॉल्फिनचं नाही. कारवारला ऑयस्टर रॉक बेटाच्या बाजूला बुयांवर, म्हणजे पाण्यात तरंगत्या खुणांवर, लेझर रेंजफाइंडर लावून सराव करता येतो, आठवड्याभरात डोळा बसतो.

आणि बोट हाकणं. आपल्याकडं किनाऱ्यालगत, उथळ पाण्यात, नद्यांच्या मुखाशी हंपबॅक डॉल्फिन असतात, काळी नदीच्या तोंडाशी, देवबागच्या समोर, कूर्मगडाच्या आसपास. ही जात जागतिक यादीत धोक्यातली म्हणून नोंदलेली आहे. यांची ओळख पाठीवरच्या पराच्या कडेवरच्या खाचा आणि डागांवरनं पटते, म्हणजे प्रत्येकाचा पर बाजूनं, नीट उजेडात, जवळनं फोटोत यावा लागतो. हे काम कॅमेरा धरणाऱ्याचं आहे असं लोकांना वाटतं, खरं ते नव्वद टक्के सुकाणू धरणाऱ्याचं आहे. कळपाच्या मागनं पाठलाग करायचा नाही, तोंडासमोर जायचं नाही, बाजूनं समांतर राहायचं, त्यांचाच वेग धरायचा, गिअर खटाखट बदलायचा नाही, आणि पिल्लू दिसलं की लांब व्हायचं. सूर्य पाठीशी राहील अशी बोट ठेवायची. तुझ्यासारख्या, वारा आणि प्रवाह दोन्ही धरून बोट जागेवर ठेवता येणाऱ्या माणसाच्या हातात एका सकाळीत जेवढे वापरण्याजोगे फोटो मिळतात तेवढे एरवी आठवडाभरात मिळत नाहीत. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, तू मुलाखतीला जाशील तिथं हेच सांग, साहसाच्या गोष्टी सांगू नकोस. केप हॉर्नच्या गोष्टी ऐकायला सगळ्यांना आवडतं आणि ऐकून झालं की चहा पाजून पाठवतात. "मी पाच जणांची टीम रोज सकाळी सहाला सुरक्षित बाहेर नेईन, सगळी उपकरणं चालू ठेवीन आणि संध्याकाळी स्वच्छ डेटा देईन" असं म्हणालीस की समोरचा माणूस वही काढतो.

मोठ्या समुद्राचं पण सांगतो. अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे हे जगातल्या बाकी हंपबॅकसारखे थंड पाण्यात स्थलांतर करत नाहीत, इथंच राहतात आणि फार थोडे उरलेत. २०१७ च्या शेवटी ओमानजवळ टॅग लावलेली लुबान नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली आणि तिथनं दक्षिणेला गेली, तेव्हा कुठं सगळ्यांना नीट कळलं की हे प्राणी इकडंतिकडं ये-जा करतात. एवढ्या मोठ्या पाण्यात संशोधनाच्या बोटी किती आणि किती दिवस फिरणार? पण शिडाच्या बोटी फिरतात, हळू फिरतात आणि आवाज न करता फिरतात. २०२० पासनं स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्याला ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, शिडाच्या बोटींची सुकाणूं मोडायला लागले, तू तिकडनं गेली असशील तर तुला माहीत आहेच, त्याचा अभ्यास बराचसा स्किपरांनी, म्हणजे बोटींच्या कप्तानांनी, भरून दिलेल्या रिपोर्टांवरच झालाय. २०२०-२१ च्या वेंदे ग्लोब या एकट्यानं जगप्रदक्षिणेच्या रेसमध्ये काही बोटींनी जाताजाता समुद्राचं तापमान मोजणारे आर्गो फ्लोट सोडले, कारण त्या पट्ट्यात दुसरं कुणी जातच नाही. आपल्याकडं मरीन मॅमल कॉन्झर्वेशन नेटवर्क ऑफ इंडिया आहे, तिथं कुणालाही देवमासे-डॉल्फिन दिसल्याची, किनाऱ्याला लागल्याची नोंद देता येते. तुझे जुने लॉग काढ, मार्जिनमध्ये जिथं जिथं "डॉल्फिन्स ऑफ द बो" असं काही लिहिलंयस तिथली तारीख, वेळ, पोझिशन सगळी एका शीटमध्ये भर, आणि हिंद महासागरातलं जे असेल ते तिथं दे. नोकरीच्या आधी हे कर. तुझ्या नावावर पहिलं काम तेच.

याआधी ज्या खलाशांनी ही वाट धरली त्यांच्याकडं बघ जरा. चार्ल्स मूर १९९७ मध्ये हवाईच्या रेसवरनं परत येताना पॅसिफिकच्या मधोमध प्लॅस्टिकमधनं बोट घेऊन आला, आणि मग १९९९ मध्ये तीच बोट घेऊन परत गेला, जाळं ओढून प्लॅस्टिक मोजून आणायला. ऑस्ट्रेलियाचा इयन किअर्नन १९८६-८७ ची एकट्यानं जगप्रदक्षिणेची रेस करताना सार्गासो समुद्रातला कचरा बघून हादरला आणि १९८९ मध्ये सिडनी हार्बर साफ करायची मोहीम उभी केली, ती पुढं जगभर गेली. एलन मॅकआर्थरनं २००५ मध्ये एकटीनं सगळ्यात वेगवान प्रदक्षिणेचा विक्रम केला आणि २०१० मध्ये स्वतःची संस्था काढली, ती वस्तू फेकून न देता परत परत वापरायच्या अर्थव्यवस्थेवर काम करते. यातलं कुणी जीवशास्त्रज्ञ व्हायला गेलं नाही. मूरनं बोट वापरली, किअर्नननं माणसं गोळा करायची ताकद वापरली, मॅकआर्थरनं मर्यादित सामानात महिने काढायचा अनुभव वापरला. मला तिघांत मूर सगळ्यात जवळचा वाटतो, कारण त्यानं बघून हळहळ केली नाही, परत जाऊन मोजलं.

आता भीमगड. तुझं मन तिथं आहे हे मला कळतंय आणि ते चुकीचं नाही, माझं पण तिथंच आहे. नौदलाची म्हादेई बोट तुला माहीत आहे, गोव्यात दिवाडला बांधली, तिच्यावरनं दिलीप दोंदेंनी २००९-१० मध्ये थांबे घेत आणि अभिलाष टॉमींनी २०१२-१३ मध्ये न थांबता एकट्यानं जगप्रदक्षिणा केली. त्या बोटीला ज्या नदीचं नाव दिलं ती आपल्या खानापूर तालुक्यात देगावच्या रानात उगवते, भीमगडातनं गोव्यात उतरते आणि मांडवी होऊन पणजीला समुद्राला मिळते. काळी नदी जोयड्याच्या रानातनं निघून कारवारला मिळते. सांगायचं कारण एवढंच की तू कारवारला काम केलंस म्हणजे भीमगड सोडलंस असं होत नाही, वरच्या रानात काय होतंय ते खालच्या पाण्यात दिसतं, आणि आमच्यासारख्या दोन्हीकडं काम करणाऱ्यांची तिथं खरोखर गरज आहे.

भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, साधारण १९० चौरस किलोमीटर. लहान आहे, खरं त्याच्या एका बाजूला गोव्याचं म्हादई अभयारण्य, दुसरीकडं काळी व्याघ्र प्रकल्प, वर तिलारी-राधानगरीकडं जाणारी रानं, त्यामुळं वाघ, हत्ती, बिबट्या यांची ही वाट आहे. वर महाराष्ट्राच्या रानात कॅमेऱ्यात आलेला वाघ पुढं काळीमध्ये पट्ट्यांवरनं ओळखला गेलाय, आता तो मधनं कुठनं गेला असेल ते नकाशा बघितला की कळतं. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत रॉटनचं वटवाघूळ आहे, १९१३ मध्ये शास्त्रात त्याची नोंद झाली आणि त्यानंतर कितीतरी दशकं जगात फक्त याच गुहेत ते माहीत होतं, नंतर मेघालय आणि कंबोडियात सापडलं. वाघाच्या मागं सगळे असताना या वटवाघळाकडं बघणारे किती आहेत? तुला जंगलातच काम करायचं असेल तर अशा कमी बघितल्या गेलेल्या गोष्टीकडं बघ, तिथं एका शिस्तीच्या माणसानं चार वर्षं नीट नोंदी ठेवल्या तरी मोठं काम होतं.

जंगलातल्या कामात तुझ्या हाताला येणारी गोष्ट म्हणजे उपकरणं. कॅमेरा ट्रॅप, रेकॉर्डर, बॅटऱ्या, मेमरी कार्डं, आणि कणकुंबी-आमगावचा पाऊस. बोटीवर जे शिकलीस, की पाणी शिरतंच, कनेक्टरला ग्रीस लाव, सिलिका जेल बदल, प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूचा दुसरा नग ठेव, किती अँपिअर-तास खर्च होणार ते निघण्याआधी मांड, हे सगळं इथं जसंच्या तसं लागू पडतं. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं लावलेलं असलं तर महिन्याचं काम कचऱ्यात जातं, आणि घड्याळ जुळवल्याशिवाय बंदर न सोडणारा माणूस ही चूक करत नाही.

सुरक्षेचं मात्र परत शिक. समुद्रावरनं आलेल्या माणसाला वाघ-अस्वलाची भीती वाटते आणि गोचिडीची वाटत नाही. आपल्या पट्ट्यात, म्हणजे उत्तर कन्नडा, गोव्याची सत्तरी, दोडामार्गचा भाग इथं माकडताप आहे, तो गोचिडीतनं होतो, डिसेंबर ते मे जोर असतो, नेमका आपल्या फील्डवर्कच्या दिवसांत. माकड मेलेलं दिसलं तर जवळ जायचं नाही, वनखात्याला कळवायचं, पायाला गोचीड पळवणारं तेल लावून, पँट मोज्यात खोचून फिरायचं, घरी आल्यावर अंग तपासायचं. सर्पदंशाला सगळ्यात जवळचं अँटीव्हेनम कुठं आहे आणि पावसात नाला भरला असताना तिथं किती वेळात पोचता येईल हे पॅसेज प्लॅनसारखं, म्हणजे सफरीच्या आराखड्यासारखं, आधी लिहून ठेव. आतल्या गावांतनं आजारी माणसाला अजून खांद्यावरनं आणावं लागतं, हे तुला माहीत आहे.

इथनं पुढचं जरा मन लावून वाच, कारण समुद्रावरनं आलेले लोक बहुतेक इथंच थकतात. बोटीवर स्किपरनं सांगितलं की ते होतं, वादळ आलं की दहा मिनिटांत निर्णय. इथं निर्णय घ्यायला रेंजर आहे, डीसीएफ म्हणजे त्याच्या वरचा वन अधिकारी आहे, ग्रामपंचायत आहे, वन समिती आहे, देवळात बसलेली चार वडीलधारी माणसं आहेत आणि यातलं कुणीही तुझ्या क्रूमधलं नाही. अभयारण्यात अभ्यास करायचा तर १९७२ च्या कायद्याच्या कलम २८ खाली परवानगी, प्राण्याला हात लावायचा, टॅग लावायचा तर कलम १२ खाली वेगळी, आणि त्याला महिने लागतात. तेवढ्यात सीझन जातो. हे गृहीत धरूनच वर्ष आखावं लागतं.

आणि माणसं. जानेवारी २०२० मध्ये आपल्या शेजारी, गोव्याच्या सत्तरीत गोळावलीला वाघीण आणि तिची तीन पिल्लं विष घालून मारली गेली. त्या घराची गुरं वाघानं मारली होती. त्या बातमीवर शहरातनं लोक किती संतापले ते मी बघितलं, आणि मी पण हळहळलो, खरं ज्याचं घर दोन म्हशींवर चालतं त्याची एक म्हैस गेली आणि भरपाई हातात पडेपर्यंत काय खायचं हा प्रश्न विचारणारे फार थोडे होते. खानापूर-चंदगडच्या शेतकऱ्याचं भात आणि ऊस हत्ती एका रात्रीत संपवतात. तळेवाडीसारख्या गावांच्या पुनर्वसनाचं काम २०२५ मध्ये सुरू झालं, तिथल्या माणसांच्या मनात आनंद आणि धास्ती दोन्ही आहे. तू संवर्धनात काम करणार म्हणजे दिवसाचे बरेच तास या माणसांच्या ओसरीवर बसणार, पंचनामा लवकर व्हावा म्हणून फोन करणार, अर्ज लिहून देणार. मला हे काम वाघाचा फोटो मिळण्यापेक्षा मोठं वाटतं, आणि ज्याला ते नको असेल त्यानं या क्षेत्रात येऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. गुजरातेत वेरावळला बघ, २००१ मध्ये व्हेल शार्कला कायद्याचं संरक्षण मिळालं, पण तो वाचायला लागला तो मच्छीमारांनी आपली जाळी कापून त्याला सोडायला सुरुवात केल्यावर, आणि त्यांनी ती कापली कारण फाटलेल्या जाळ्याची भरपाई मिळायला लागली.

याच्याशी जोडूनच कन्नड. आपल्या भागात हा विषय नाजूक आहे, मी त्या वादात जात नाही, कामापुरतं सांगतो. वनखात्याचा प्रत्येक कागद कन्नडात आहे, गार्ड आणि वॉचर बदलीवर विजापूर-बागलकोटकडनं येतात, त्यांना मराठी येत नाही. आणि आतल्या गावांतली म्हातारी माणसं मराठी-कोंकणीच बोलतात, त्यांना कन्नड कागद वाचता येत नाही. गैरसमज निम्मे इथंच होतात. तुला बोलता येत असेल, आता वाचायला आणि लिहायला पण शिक. अर्जाची भाषा, पंचनाम्याची भाषा. जिला दोन्ही येतं तिचा फोन रेंजर पण उचलतो आणि गावचा पाटील पण. कारवारला कोंकणी लागेल, ती आपल्याला कानावरनं येतेच, खारवी-हरिकांत मच्छीमारांची रापण, म्हणजे किनाऱ्यावरनं ओढायचं मोठं जाळं, ओढायला दोन सकाळी मदत केलीस तर कुणी तुला परकी म्हणणार नाही.

शिक्षणाचं. बी.कॉम.वर जीवशास्त्राची एम.एस्सी. थेट मिळणं अवघड आहे, परत बी.एस्सी. करायला बसू नकोस, त्यात तीन वर्षं जातील. कारवारला कोडीबागला कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्राचा विभाग आहे, सीएमएफआरआय या केंद्र सरकारच्या सागरी मासेमारी संशोधन संस्थेचं केंद्र पण कारवारला आहे, तिथल्या लोकांशी ओळख ठेव, त्यांना बोटीवरचा हात लागतो. शिकायचंच असेल तर कुठल्याही डिग्रीवर प्रवेश देणारे कोर्स बघ, बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाची एम.ए. डेव्हलपमेंट त्यातली एक, वर ओसरीवर बसायचं जे बोललो त्याला ती उपयोगी. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर वन्यजीव संवर्धनाचे कोर्स फुकट आहेत. पण सगळ्यात आधी नकाशे करायचं क्यूजीआयएस आणि आकडेमोडीचं आर शिक, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. चार्ट वाचणाऱ्या माणसाला क्यूजीआयएस पंधरा दिवसांत येतं, आरला वेळ लागतो, तरी सोडू नकोस, डेटा गोळा करून दुसऱ्याच्या हातात देणारी आणि स्वतः त्यातनं आकडा काढणारी यांच्यात पुढं फार अंतर पडतं. संस्था म्हणशील तर दक्षिण फाउंडेशन कासवांवर आणि बेटांवर काम करते, म्हैसूरची नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन (एनसीएफ) लक्षद्वीपच्या प्रवाळांवर बरीच वर्षं आहे, महाराष्ट्रात मॅन्ग्रोव्ह फाउंडेशन आहे. पहिलं पत्र "मला प्राणी आवडतात" असं लिहू नकोस, सरळ लिही की फील्ड ऑपरेशन्स आणि बोट सांभाळीन.

पगार. बोटीवर मिळतो त्याच्या जवळपास पण नाही, हे मान्य करूनच निघ. नेट पास झालेल्या संशोधकाची सरकारी फेलोशिप २०२३ पासनं महिना ३७,००० आहे, त्यावरनं अंदाज घे की नेट नसलेल्या फील्डच्या माणसाला त्याच्या खालीच मिळणार, आणि प्रोजेक्ट संपला की तो पण थांबतो. घरच्यांना हे आधी सांग, आकड्यासकट सांग. शहापुरातल्या घरात मुलगी चांगल्या पगाराची नोकरी सोडून रानात जाते म्हटल्यावर काय होतं ते मला कळतंय, अर्धवट सांगितलंस तर ते जास्त घाबरतील.

त्यावर एक मार्ग आहे आणि तो फक्त आपल्यासारख्यांनाच जमतो. आपल्याकडं समुद्रातलं काम ऑक्टोबर ते मे. कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात, पिल्लं पंचेचाळीस ते साठ दिवसांनी बाहेर पडतात, डॉल्फिनचा सर्व्हे सपाट पाण्यात म्हणजे थंडीत, जंगलातले कॅमेरे पण कोरड्या दिवसांत. १ जून ते ३१ जुलै मच्छीमारी बंद, पावसात बोट बाहेर काढायचीच नाही. आणि नेमका तोच भूमध्य समुद्रातला आणि युरोपातला सीझन. म्हणजे जून ते सप्टेंबर तिकडं डिलिव्हरी कर, स्किपर म्हणून कर, ते पैसे वर्षभर पुरव, आणि ऑक्टोबरला परत ये. अटलांटिक ओलांडायच्या डिलिव्हरी नोव्हेंबर-डिसेंबरला असतात, त्या सोडाव्या लागतील, त्याचं वाईट वाटेल, खरं दोन्ही धरता येत नाही. यासाठी तुझी सर्टिफिकेटं जिवंत ठेव. यॉटमास्टरचं कमर्शियल एंडोर्समेंट, म्हणजे पगारावर बोट चालवायची मान्यता, आणि एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या आंतरराष्ट्रीय नियमांखालचे सेफ्टी कोर्स पाच वर्षांनी रिन्यू करावे लागतात, मेडिकल पण वेळेवर. एकदा लॅप्स झालं की परत सुरू करायला खर्च आणि वेळ दोन्ही जातो, आणि नेमकं त्याच वर्षी प्रोजेक्टचे पैसे थांबलेले असतात.

या वर्षीचं सांगायचं तर सध्याचं काँट्रॅक्ट पूर्ण कर, ऑगस्टपासनं कन्नड लिहायला आणि क्यूजीआयएस शिकायला लाग, आणि ऑक्टोबरच्या शेवटी थेट कारवारला ये. कासवाच्या सीझनला वनखात्याला पहाटे किनारा चालणारी माणसं लागतात, कोस्टल अँड मरीन विंगच्या ऑफिसात जाऊन परवानगीचं विचार, घरट्याला त्यांच्याशिवाय हात लावायचा नाही. डिसेंबरात पाणी सपाट झालं की आमच्या बोटीवर सुकाणूला एक जागा असते. येताना बायनॉक्युलर, वॉटरप्रूफ वही आणि पेन्सिल आण, पेनची शाई ओल्या कागदावर टिकत नाही हे तुला सांगायला नको.